शेंडीसकट नारळ

शैक्षणिक साहित्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या फळांचा एक खोका मिळतो. आंबा, केळं, सफरचंद, द्राक्षाचा घड. सगळं चकचकीत, वर्षानुवर्षं तसंच राहणारं. मला त्या खोक्याचा मनापासून राग आहे. त्यातल्या आंब्याकडे बोट दाखवून 'आंबा' म्हटलं की आंबा संपला. तो कच्चा नाही, पाडाचा नाही, देठाशी चीक नाही, आणि नाकाला लावावा तर नुसता खोक्याचा वास.

दर रविवारी सकाळी दादरला मी अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बँकेतला एक तमिळ अधिकारी, केरळची नर्स, भुलेश्वरला दुकान असलेले गुजराती काका, लग्न होऊन मराठी घरात आलेली लखनौची मुलगी, असा वर्ग. केळं शिकवायचं तर स्टेशनबाहेरून तीन केळी घेते. एक हिरवट, एक पिवळंधमक, एक काळे डाग पडलेलं. नाम एकच, पण विशेषणं आपोआप बाहेर पडतात. काकांनी डागाळलेलं केळं उचललं आणि म्हणाले, "हे मला चालेल. ते कच्चं आहे, पोट दुखेल." प्लॅस्टिकच्या केळ्यानं कुणाचं पोट दुखत नाही, म्हणून वाक्यही होत नाही.

पण सगळ्यात कामाचा नारळ. न्यायचा तो शेंडीसकट. कानाशी धरून हलवायचा, सोलायचा, फोडायचा, पाणी प्यायचं, खोबरं खवायचं, उरलेली करवंटी कुणीतरी मागून घेतं. अर्धा डझन क्रियापदं, तीही ओळीनं, पाठ न करता. खवणी मी सासूबाईंची नेते, दाते झिजलेली. नवी कोरी नेली तर तिच्याबद्दल विचारायला काही नसतं. झिजलेली पाहिली की कुणाची, किती जुनी, टाकत का नाही, असे प्रश्न सुरू होतात. नर्सनं तर ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. "मॅडम, तुम्ही नीट खवत नाही." वाक्य निर्दोष होतं, मी काय बोलणार! तेवढ्यात लखनौच्या मुलीनं विचारलं, सासरी प्रत्येक भाजीत खोबरं का घालतात? मराठी मोडकी, तक्रार धडधाकट.

मेथीची जुडी, केळ्यांची फणी, लसणीचा गड्डा आणि गड्ड्याच्या पाकळ्या, हे पुस्तकात कोष्टक करून देतात. कोष्टक कुणाच्या लक्षात राहत नाही. गड्डा टेबलावर मोडला, सालं उडाली, पाकळ्या खाली घरंगळल्या आणि चार जण त्या वेचायला वाकले, की राहतं.

ही युक्ती काही माझी नव्हे. आधी वस्तू, मग शब्द, असा आग्रह सतराव्या शतकात कोमेनियस या चेक शिक्षकानं धरला होता. वस्तू आणता येत नसेल तर निदान चित्र दाखवा, हेही त्याचंच. १६५८ साली त्याचं मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक निघालं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, मग कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या शिंपले, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या जिनसांवर. महागडी साधनं परवडणार कुणाला? आता मोबाइलवर कुठल्याही वस्तूचं चित्र निघतं, आणि सगळे मोबाइलकडेच बघत बसतात. चित्राचा नंबर दुसरा, हे कोमेनियसचं म्हणणं मला अजून पटतं.

अर्थात नेण्यालाही मर्यादा आहे. सुके बोंबील घेऊन लेडीज डब्यात चढले तेव्हा एका बाईंनी नाकाला पदर लावून सांगितलं, "ताई, लगेजचा डबा तिकडे आहे." वर्गात काका उठून खिडकीशी जाऊन बसले. 'वास मारतोय', 'खिडकी उघडा', 'पंखा वाढवा' एवढं मात्र सर्वांना एका दमात आलं.

जोनाथन स्विफ्टनं १७२६ साली 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकात वस्तूंनी बोलायच्या कल्पनेची टिंगलच केली आहे. त्यातल्या प्रवासी गलिव्हरला लगाडो नावाच्या काल्पनिक शहरात विद्वान भेटतात. शब्दच नकोत म्हणून ते बोलायच्या सगळ्या वस्तू पाठीवर घेऊन हिंडतात. ज्याला बोलायचं जास्त, त्याचं गाठोडं मोठं. नारळ, खवणी आणि पाण्याची बाटली घेऊन दादरचा पूल चढताना मला ते हटकून आठवतात. आणि गाठोड्यात न मावणाऱ्या शब्दांचं काय? उशीर, गर्दी, उकाडा, वैताग?

ते मुंबई फुकट पुरवते. परवाच्या रविवारी मेगाब्लॉक होता. बँकेतले साहेब घामाघूम होऊन तास अर्धा संपल्यावर आले आणि दारातूनच सुरू झाले, "मॅडम, गाडी रखडली, लोक चिडले, एक माणूस माझ्या पायावर उभा राहिला आणि मलाच ओरडला!" मग प्रत्येकाला आपापला मेगाब्लॉक सांगायचा होता. आणलेली लसूण पिशवीतच राहिली.