आठवीचा एक मुलगा कमी भरला

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. वर्षभरात कधी नसते एवढी गर्दी त्या दिवशी आमच्या वाचनालयात होते. गर्दी म्हणजे शाळेचा एखादा वर्ग. मुलं सतरंजीवर बसतात, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक जातं, फोटो निघतो आणि पुस्तकं परत घेतली जातात. एखाद्याने पुस्तक उलटं धरलेलं असतं, तेही फोटोत येतं.

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे अनुदान तुटपुंजं आणि तेही येईल तेव्हा आपलं म्हणायचं. दाखल नोंदवही चाळली तर आमची अडचण लगेच दिसते. बालविभागात चित्रांच्या गोष्टी, इसापनीती आणि ‘श्यामची आई’च्या नऊ प्रती. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे इकडे वाढदिवस असो की पुण्यतिथी, भेट म्हणून तेच पुस्तक येतं. बालविभाग संपला की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांसाठी मध्ये काहीच नाही. सहावीपर्यंत ‘फास्टर फेणे’ मागणारी मुलं आठवीत दिसेनाशी होतात आणि सगळे मोबाइलला दोष देऊन मोकळे होतात.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष अप्पा यांच्याकडून थोडे पैसे मंजूर करून घेऊन मी ग्रंथप्रदर्शनात फिरले. “तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना गुंगवून ठेवेल अशी कादंबरी दाखवा,” म्हटलं की एका स्टॉलवर रंगीत चित्रांची पुस्तकं पुढे यायची, दुसऱ्यावर जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या. एका विक्रेत्याने तर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक काढलं! शेवटी माझ्या मनानेच निवड केली आणि परत आल्यावर देवघेवीच्या टेबलाशेजारचा एक कप्पा रिकामा करून त्यात ती पुस्तकं लावली. त्यात मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ही आहे, नववीतल्या मुलाची, आणीबाणीच्या काळातली. अप्पांच्या मते ते प्रेमाचं पुस्तक आहे आणि पोरांच्या हाती लागू नये. मी ते दुसऱ्या ओळीत ठेवलंय. पोरांना बरोबर सापडतं.

तर वाचन प्रेरणा दिनाला आठवीचा वर्ग आला. फोटो झाला, पुस्तकं गोळा करायला लागले, तर एक मुलगी हातातलं सोडेना. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग.

“मॅडम, हा मी जळगावला मामांकडे वाचलाय. दुसरा द्या ना.”

दुसरा आमच्याकडे नव्हता. गावातल्या डॉक्टरांचा मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्यांनी भाग पहिला आणि तिसरा आणून दिले होते. मधला कुठे गेला ते त्यांनाही माहीत नव्हतं. तिसरा देऊ का म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोळीशिवाय भाजी वाढली असावी.

जादूचंच हवं म्हणाली. मराठीत या वयासाठी मूळ लिहिलेली जादूची मोठी कादंबरी शोधायला गेलं की हाताला फारसं लागत नाही. जुनं अद्भुत आहे, पण त्याची भाषा आताच्या मुलांच्या जिभेवर बसत नाही. नाथमाधवांची 1913 सालची ‘वीरधवल’ काढून दिली. उभ्या उभ्या दीड पान वाचून तिने मिटली. “हे आजोबांना द्या.” भयकथा द्यायला माझा जीव धजेना. मग नारळीकरांची ‘प्रेषित’ काढली. नाव बघून म्हणाली, “विज्ञानाचा धडा आहे का?” कादंबरी आहे म्हटल्यावर नेली, पण तोंड वाकडं करूनच. तिचं नाव रजिस्टरला लिहिलं, तोवर वर्ग रांगेने निघून गेला होता आणि ती धावत रांगेच्या मागे गेली.

अर्ध्या तासाने त्यांचे सर मोटारसायकलवर परत. चेहरा उतरलेला. एक मुलगा कमी भरला होता. ओट्यावर पाहिलं, मागच्या नळावर पाहिलं, समोरच्या चहावाल्याला विचारलं. सर नावाने हाका मारत होते आणि उत्तर येत नव्हतं. शेवटची कपाटांची रांग भिंतीपासून हातभर लांब आहे, तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवलेले असतात. त्यावर तो बसला होता, गुडघ्यावर पुस्तक, बोट ओळीवर. मी समोर उभी राहिले तरी मान वर नाही. पुस्तक होतं ‘बनगरवाडी’.

सर तापलेच. “उद्या वडिलांना घेऊन ये!” तो म्हणाला, “हो सर,” आणि पान दुमडलं. मी दुमडू नको म्हटलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हटलं, “सर, आज वाचन प्रेरणा दिनच आहे ना?” ते हसले नाहीत, पण वडिलांचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलाकडे वर्गणीचे पैसे नव्हते. मी माझ्या नावावर पुस्तक दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दप्तर पाठीवर घेऊनच आला. माडगूळकरांच्या त्या पुस्तकात शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, मंग पाऊस पडला का?”

कादंबरी तिथेच संपते, सांगितलं. त्याला ते पटलं नाही. त्यांच्या वावरात दरसाल खतासाठी मेंढ्या बसवतात, मेंढपाळ येतात-जातात. “ते लोक पाऊस पडला की परत जातातच,” तो म्हणाला. “लिहायला पाहिजे होतं.” त्या पुस्तकात ना जादू आहे, ना त्याच्या वयाचा नायक. आहे तो एकटा तरुण मास्तर, अनोळखी वाडीत गेलेला. जिन्याखालच्या कपाटात झोपणारा हॅरीही एकटाच अनोळखी शाळेत जातो. या वयातल्या मुलांना जादूचं द्यावं की खऱ्या आयुष्यातलं, यावर माझा फार वेळ गेला होता. आता मी पहिली वीसेक पानं चाळते. तेवढ्यात कुणी घरचं माणूस सोबत नसताना परक्या जागी पोचला, तर पुस्तक कप्प्यात लावते. मोठी माणसं पहिल्या पानापासून शहाणपण सांगत असतील, तर ते बालविभागात जातं, मग जाडी कितीही असो.

मुलगी चार दिवसांनी आली. ‘प्रेषित’ ठेवलं. “जादू नाहीये. पण चाललं.” मग हळूच, “त्याने काय नेलं होतं?” बनगरवाडी तिच्या नावावर गेली.

‘हॅरी पॉटर’चे राहिलेले भाग आणायचे म्हणून मी अप्पांकडे गेले. अप्पा म्हणाले, “एवढा खर्च? पोरांची मागणी आहे, हे कागदावर पाहिजे. अर्ज आण.” मी त्या मुलीला अर्ज लिहायला सांगितलं. तिने वहीचं पान फाडून तिथेच लिहिला, खाली वर्गातल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन आली. त्यात ‘बनगरवाडी’वाल्याचीही होती. अर्जातलं शेवटचं वाक्य असं : “भाग एकेक करून आणू नयेत, सगळे एकदम आणावेत, कारण मध्ये अडकलेल्या वाचकाला फार त्रास होतो.”

अप्पांनी दोनदा वाचला आणि सही केली.