लाल टोपीवालीला वाचवायचं कुणी?

श्रेक या हिरव्या राक्षसाच्या पहिल्या कार्टून पिक्चरमधे (2001) परीकथांमधली सगळी पात्रं त्याच्या घरात घुसतात तेव्हा त्याच्या पलंगावर आजीबाईचा गाऊन आणि टोपी घातलेला लांडगा निवांत पसरलेला असतो आणि उलट श्रेकलाच विचारतो, "काय?" बास. कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही, गरजच नाही, लाल टोपी, लांडगा, आजीचा पलंग यातलं एक काहीही दाखवलं की लाल टोपीवालीची, म्हणजे लिटल रेड रायडिंग हूडची, अख्खी गोष्ट डोक्यात चालू होते. सिनेमावाले, जाहिरातवाले, गेमवाले म्हणूनच तर हिच्यावर तुटून पडतात. मला मात्र प्रत्येक वेळी एकच बघायचं असतं, की शेवटी त्या पोरीला वाचवतं कोण?

कारण मूळ गोष्टीतच यावर एकमत नाहीये. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने 1697 मधे छापली त्यात कुणीच येत नाही, लांडगा आजीला खातो, मग पोरीला खातो, संपलं, आणि खाली कवितेत तात्पर्य की गोडबोल्या लांडग्यांपासून पोरींनी जपून रहावं. 1812 मधे जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी शिकारी आणला, तो लांडग्याचं पोट कापून दोघींना बाहेर काढतो, लहानपणी बहुतेकांनी ऐकलेली ती हीच. पण फ्रान्सच्या खेड्यात 19व्या शतकात लोकांच्या तोंडून लिहून घेतलेली एक गोष्ट आहे, तिची परंपरा पेरोच्याही आधीची असं बरेच अभ्यासक मानतात, तिच्यात पोरगी पलंगावरून म्हणते मला बाहेर जायचंय, जोरात लागलीये! मग तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ही अंगणात जाऊन दोरी झाडाला बांधते आणि धूम ठोकते, आणि तो आत दोरी धरून बसलाय. आपली भोपळ्यातली म्हातारी टुणुक टुणुक करत वाघाच्या हातावर तुरी देते ना, त्याच जातीची आहे ही.

पॉप कल्चरला ही पोरगी सापडायला बराच वेळ लागला. 1943 मधे टेक्स एव्हरीने एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी 'रेड हॉट रायडिंग हूड' कार्टून केलं, ते सुरू होतं नेहमीसारखं, मग लांडगाच वैतागून थांबतो की तेच तेच किती वेळा, पोरगी आणि आजीपण बंड करतात आणि निवेदकाला गोष्ट हॉलिवूडमधे नव्याने सुरू करावी लागते. रेड नाइटक्लबमधे गाते आणि लांडगा टेबल बडवतो, शिट्ट्या मारतो, डोळे खोबणीतून बाहेर (1994 च्या 'द मास्क'मधे जिम कॅरी जे करतो ते इथूनच आलंय). भन्नाट आहे, पण पोरगी बघण्यापुरतीच उरते हे मला खटकतं. 1953 मधे तर मॅक्स फॅक्टर या मेकअपच्या कंपनीने रायडिंग हूडच्या नावाने लाल लिपस्टिक काढली, म्हणजे लांडग्यापासून जपायचं राहिलं बाजूला, आता त्याला खेचून आणायचं.

मला खरा आनंद झाला तो इंग्रजी बालसाहित्यिक रोआल्ड डालच्या 1982 च्या कवितेत. "आजी, तुझे डोळे एवढे मोठे कसे गं?" हे सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि ही मधेच त्याच्या कोटाचं कौतुक करते, लांडगा चिडतो, अगं दातांबद्दल विचारायचं विसरलीस! आणि ती चड्डीतून पिस्तूल काढून त्याला उडवते, नंतर त्याच्याच कातड्याचा कोट घालून जंगलात फिरते. 'वन्स अपॉन अ टाइम' सिरीयल तर अजून पुढे गेली, तिथे लांडगा म्हणजे तीच, आणि ते लाल वस्त्र तिला लांडगा होण्यापासून अडवणारं. म्हणजे जंगलातली भीती पोरीच्या आतच नेऊन ठेवली, मला ही आयडिया फार दमदार वाटते.

आणि हे सगळं आपण मॉडर्न मॉडर्न म्हणतो पण ग्रिमच्याच पुस्तकात शिकाऱ्याच्या गोष्टीनंतर अजून एक तुकडा आहे, तो कुणी सांगतच नाही. पुन्हा एक लांडगा भेटतो, यावेळी पोरगी वाटेत रेंगाळत नाही, सरळ आजीकडे जाते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर चढून बसतो. आजी म्हणते, काल सॉसेज उकडलेलं पाणी आहे ना, ते दारासमोरच्या दगडी कुंडात ओत. वास वर जातो, लांडगा मान लांब लांब करत घसरतो आणि थेट कुंडात पडून बुडतो. शिकारी नाही, पिस्तूल नाही, एक म्हातारी आणि एक पोरगी! या तुकड्यावर कुणीतरी धड सिनेमा काढा राव, आणि त्यात मेन रोल आजीला द्या.