तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि खारं पाणी

‘अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही ना? मग किनाऱ्यावरून आलं की बग्गीची चाकं खोलून काय बसता?’ हॅम्बुर्गमधल्या आमच्या मराठी मंडळींत हे मला कोणी ना कोणी विचारतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘आम्ही पण बग्गी घ्यायची म्हणतोय, रिम कुठली घेऊ?’ दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

ज्यांना बग्गी म्हटल्यावर वरातीतली घोडागाडी आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. काइट बग्गी म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकून धावणारी तीनचाकी. इंजिन नाही, बहुतेकींना ब्रेकही नाही. ओढायला मोठा पतंग, आणि पुढचं चाक पायांनी वळवायचं. कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे एक शाळामास्तर, जॉर्ज पोकॉक, यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा रस्त्यावरचा टोल घोड्यांच्या संख्येवर ठरायचा, त्यामुळे या बिनघोड्याच्या गाडीकडून काय घ्यायचं हे नाकेवाल्यांना कळेना! आजची बग्गी मात्र न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास रूढ केली, आणि तिला चाकं आली ती बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीची. अजूनही सर्वांत जास्त चालणारा टायर ४.००-८ याच मापाचा आहे, म्हणजे चार इंच रुंद आणि आठ इंची रिमवर बसणारा.

हे मुद्दाम सांगतेय. हातगाडीचं चाक सरळ खालचं वजन पेलायला बनवलेलं असतं, तेही माणसाच्या चालीनं. सायकल वळताना कलते, म्हणून तिच्या रिमवर आडवा जोर फारसा येत नाही. बग्गी कलत नाही. पतंग ओढतो बाजूला, आपण जाणार पुढे, आणि या भांडणाचा सगळा हिशेब मागच्या दोन चाकांच्या काठांवर चुकता होतो. वाऱ्याकडच्या बाजूचं चाक हलकं होऊन उचलू बघतं आणि दुसऱ्यावर सगळा भार येतो. टायर रिमच्या ओठावरून सरकायला लागतो, रिम वाकायला बघते, बेअरिंग आपल्या जागेत तिरकं होऊ बघतं. रिम कुठलीही असो, तिची परीक्षा या आडव्या जोराची असते.

प्लॅस्टिकच्या रिमला नावं ठेवायची इथे फॅशन आहे. मला ती पटत नाही. नवशिक्याला, मऊ वाळूत, बेताच्या वाऱ्यात प्लॅस्टिकची रिम पुष्कळ झाली. स्वस्त असते, मिठाचं तिला काही वाटत नाही, आणि मोठ्या फुगीर टायरांची चाकं, जी मऊ वाळूवर तरंगत जातात, ती तर बहुतेक प्लॅस्टिकच्याच रिमवर येतात. तिचं दुखणं वेगळं आहे. कडक वाळूवर वेग वाढला की ती लवते, आणि बेअरिंगची जागा हळूहळू सैल होत जाते. चाक हातात धरून हलवलं की टक्‌टक् वाजायला लागलं, मग अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा. तुमचं वजन ९० किलोच्या पुढे असेल तर आधीच करा.

‘अ‍ॅल्युमिनियम म्हणजे हलकं’ हे ऐकून कोणी घेत असेल तर थांबा. पोलादापेक्षा हलकं, हे खरं, घनता २.७ विरुद्ध ७.८. पण प्लॅस्टिक त्याहून हलकं असतं, आणि मुळात बग्गीत वजन हा तसा शत्रू नाहीच. जोराच्या वाऱ्यात बाजूला घसरू नये म्हणून सराईत मंडळी गाडीला शिसं बांधतात. अ‍ॅल्युमिनियमचे पैसे मोजायचे ते त्याच्या ताठपणासाठी आणि बेअरिंगला मिळणाऱ्या नेमक्या, घट्ट जागेसाठी.

आता निवड. माझ्या वडिलांचं कोल्हापूरला, शिरोलीत, लेथचं वर्कशॉप होतं. कुठलाही तयार पार्ट हातात आला की ते आधी जोड बघायचे, चकाकी नंतर. रिमच्या बाबतीत मी अजून तेच करते. पहिला जोड वेल्डिंगचा. रिमसाठी ६०६१ किंवा ६०८२ हे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू चांगले. उष्णता देऊन त्यांना ताकद आणलेली असते, आणि वेल्डिंगची आच लागली की त्या पट्ट्यातली ताकद जवळपास निम्म्यावर येते. मग पुन्हा हीट ट्रीटमेंट करावी लागते, नाहीतर जाडी वाढवावी लागते. म्हणून हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, आणि रिम वेल्ड केलेली असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा, वेल्डिंगनंतर काय केलं? तो गोंधळला तर पुढे चला. ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ या शब्दांना भुलू नका. विमानात वापरला जाणारा ७०७५ ताकदीला जबरदस्त आहे खरा, पण त्यात जस्त आणि तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात तो ६०८२ च्या मानाने नाजूक निघतो.

दुसरा जोड दोन अर्ध्यांचा. बऱ्याचशा अ‍ॅल्युमिनियमच्या रिम्स दोन भागांच्या असतात, मधून बोल्टनं आवळलेल्या. टायर बदलायला सोप्या, पंक्चर काढायला सोप्या. मला त्याच आवडतात. फक्त बोल्ट आरपार जाऊन मागे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा) बसतोय का ते बघा. अ‍ॅल्युमिनियममध्येच आटे पाडलेले असतील तर एक-दोन मोसमांत स्टीलचा बोल्ट तिथे असा जाम होतो की काढताना आटे बोल्टबरोबर बाहेर येतात.

आणि इथे एक गोष्ट विनोदानं घेऊ नका. दोन भागांच्या रिमचे बोल्ट सैल करण्याआधी ट्यूबमधली सगळी हवा काढायची, व्हॉल्व्हची पिनसुद्धा. दोन बार म्हणजे तीसेक पीएसआय, ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढ्या हवेतही त्या दोन अर्ध्यांना एकमेकींपासून ढकलणारा जोर काहीशे किलोंचा असतो. शेवटचा बोल्ट सुटला की तो जोर तुमच्या हातावर येतो. ट्रकचं चाक खोलणाऱ्या कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा.

व्हॉल्व्हच्या भोकाची कड बोटानं चाचपून बघा. धारदार लागली तर गोल कानशीनं मारून घ्या, नाहीतर ट्यूब तिथेच कापते. आणि ट्यूब घालताना पंक्चरवाले लावतात तसं शंखजिरं लावायचं, म्हणजे दोन अर्ध्यांच्या फटीत ती चिमटत नाही.

तर, गंज. लोखंडासारखा तांबडा गंज अ‍ॅल्युमिनियमला चढत नाही हे बरोबर. हवेशी गाठ पडताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि तो खालच्या धातूला झाकून टाकतो. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात तीस-पस्तीस ग्रॅम मीठ असतं, आणि त्यातलं क्लोराइड हा थर जागोजाग फोडतं. उघड्या, स्वच्छ, वारा लागणाऱ्या पृष्ठभागावर तो पुन्हा धरतो. फटीत, जिथे ओली वाळू अडकून बसलीय आणि हवा पोचत नाही, तिथे धरत नाही. त्यातच शेजारी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट असेल तर खारं पाणी मध्ये घेऊन दोघांची चक्क बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजणारा पक्ष कायम अ‍ॅल्युमिनियमचा.

आम्ही जातो ते डेन्मार्कच्या रोमो बेटावर. हॅम्बुर्गहून गाडीनं अडीच-तीन तास, शेवटी वाडन समुद्रातून, म्हणजे तिथल्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या उथळ समुद्रातून, जाणारा बांध ओलांडून. दक्षिणेकडच्या किनाऱ्याचा एक भाग बग्ग्यांसाठी राखलेला, तो ओहोटीनंतर डांबरी रस्त्यासारखा घट्ट होतो. पण वाटेत पातळ पाण्याची डबकी असतात, आणि त्यातून वेगात गेलं की हबमध्ये बारीक खारी वाळू पिचकारीसारखी घुसते. परत आल्यावर दोन आठवडे हात न लावलेलं चाक खोललं की बोल्टच्या वॉशरखाली पांढरी, किंचित ओलसर भुकटी सापडते. ती पुसली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. रिमला पावडर कोटिंग असेल तर जिथे दगडानं टवका उडालाय तिथून रंगाखाली नागमोडी फुगीर रेषा पसरत गेलेल्या दिसतात. रंग वरून शाबूत, आत पोकळ. म्हणून मी रंगापेक्षा अ‍ॅनोडाइझिंग पसंत करते. त्यात तोच ऑक्साइडचा थर विजेच्या मदतीनं धातूतूनच जाड वाढवलेला असतो, त्याच्याखाली शिरायला फट नसते. समुद्रासाठी २० ते २५ मायक्रॉनचा मागा. दिसायला रंगासारखा झगझगीत नसतो, असू दे.

ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, हा खरा त्रास. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याभोवती ती साठली की बेअरिंग जागेवर घट्ट धरून बसतं, आणि मग लोक हातोडी घेतात. हातोडी नको. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्याचा फायदा घ्या. टायर-ट्यूब काढून हब हीट गननं साधारण १०० अंशांपर्यंत तापवा. ४२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, तेवढ्यानं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या काही पट, सात-आठ पट म्हणा, उघडतो. बेअरिंग थोड्याशा धक्क्यानं सुटतं. नवं बसवताना ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गरम हबमध्ये ते अंगठ्यानं आत जातं. नवऱ्याला भाज्यांच्या पिशवीशेजारी बेअरिंग सापडतात, त्याची आता त्याला सवय झालीय.

दोन बेअरिंगच्या मधली स्पेसरची नळी जपा. स्वस्तातल्या रिम्समध्ये ती कधीकधी नसतेच. मग आसाचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा येतो, चाक जड फिरतं, तापतं, आणि दोष मात्र रिमला दिला जातो. चाक मोडल्याच्या ज्या कहाण्या किनाऱ्यावर ऐकायला मिळतात, त्यातल्या निम्म्याअधिक मला बेअरिंगच्या वाटतात.

देखभाल म्हणाल तर आळशी माणसालाही जमेल अशी आहे. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायचं, साध्या पाइपनं. कार वॉशमधला जोराचा फवारा हबवर धरला तर बेअरिंगच्या सीलमधून मीठ आत आणि ग्रीस बाहेर. धुण्याचा सोडा, भांड्यांची कडक पावडर, चिंच, काही नको. सोड्यानं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कसं काळं पडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चाक आसावरून काढून आडवं ठेवून वाळवायचं. मोसम संपला की बोल्ट एकदा पूर्ण काढून, साफ करून, बोटींच्या दुकानात मिळणारं डुरालॅक किंवा टेफ-जेल लावून परत आवळायचे. ते दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरू देत नाही. कॉपर ग्रीस लावू नका, त्यातलं तांबं इथे आगीत तेल ओततं.

कोकणातून विचारणा होते, तिथे चालेल का? वाळू काही ठिकाणी छान घट्ट आहे, पण किनारे अरुंद, उतार जास्त, आणि सुट्टीच्या दिवशी माणसं, होड्या, जाळी. ब्रेक नसलेलं वाहन तिथे आणायला माझं मन धजत नाही. रिमबद्दल मात्र इतकं नक्की सांगते, की तिथल्या दमट, उष्ण हवेत हे सगळं इथल्यापेक्षा वेगानं होईल. देवगडला आमच्या मावशीच्या स्लायडिंग खिडक्या बघा, स्क्रूंच्या भोवती तीच पांढरी भुकटी आहे.

आणि ‘गावी लेथवर करून आणली तर?’ जरूर करा, कोल्हापुरात उत्तम होईल. फक्त चित्र देताना बेअरिंगचा नंबर लिहून द्या. तो सीलवर कोरलेला असतो: २० मिलिमीटर आसाला बऱ्याचदा ६००४ किंवा ६२०४. दोन्हींचा आतला व्यास सारखा, बाहेरचा ४२ आणि ४७. बोअर पाच मिलिमीटरनं मोठा झाला तर त्याला पुन्हा छोटं करता येत नाही.