कपडे-बुटांसकट पाण्यात: नेदरलँड्समध्ये मुलं पोहायला कशी शिकतात

नेदरलँड्समधल्या सार्वजनिक तलावावर परीक्षेच्या दिवशी गेलात, तर पाच-सहा वर्षांची मुलं शर्ट, पँट आणि बूट घालून काठावर रांगेत उभी दिसतील. खूण झाली की ती तशीच खोल पाण्यात उडी टाकतात. पोहण्याच्या डिप्लोमा ‘ए’ची परीक्षा अशी सुरू होते.

देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. कालवे घरासमोरून, शाळेमागून, सायकलच्या वाटेला खेटून जातात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना कठडा नसतो. त्यामुळे इथे पोहणं शिकवताना वेग किंवा शर्यत कुणाच्या मनात नसते. मूल ध्यानीमनी नसताना पाण्यात पडलं तर स्वतः काठाला लागून वर चढेल का, एवढाच प्रश्न असतो. ए, बी आणि सी या तिन्ही डिप्लोमांचा अभ्यासक्रम त्याच प्रश्नावर बेतलेला आहे.

‘ए’मध्ये अंगावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट आणि बूट असतात. पाय खाली ठेवून उडी मारायची, वर येऊन 15 सेकंद जागच्या जागी उभं पोहायचं, मग 12.5 मीटर पोटावर आणि 12.5 मीटर पाठीवर. शेवटी कुणी हात न देता पाण्याबाहेर यायचं. त्यानंतर कपडे उतरवून नुसत्या पोहण्याच्या पोशाखात 50 मीटर पोटावर, 50 मीटर पाठीवर, थोडं तरंगणं, थोडं क्रॉल (हात आळीपाळीने फिरवत पोहणं) आणि एक मिनिट उभं पोहणं. ‘बी’त बाह्या आणि पँट लांब होतात, अंतर 75-75 मीटर होतं. ‘सी’त वरून पावसाळी जाकीट चढतं, अंतर 100-100 मीटर होतं आणि तरंगत्या तराफ्यावर चढून दाखवावं लागतं.

कपड्यांचा आग्रह का, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. कपड्यांत पडल्यावर पहिले काही क्षण कापडात अडकलेली हवा वर धरते, मग कापड भिजतं आणि हातापायांची प्रत्येक हालचाल जड होते. बुटामुळे पावलाने पाणी ढकलता येत नाही. हा अनुभव आयुष्यात पहिल्यांदा कालव्यात आला तर मूल घाबरून हातपाय झाडतं आणि दमतं. तलावात शिक्षकासमोर तो अनेकदा येऊन गेलेला असला, की हालचाल सावकाश करायची आणि श्वास आधी सांभाळायचा, हे अंगात भिनतं. खरी कसोटी काठावर चढताना लागते. पँटमध्ये आणि बाह्यांत पाणी भरलेलं असतं, अंग वर येतच नाही. म्हणून आधी कोपरं काठावर टेकवायची, पाण्यात जोराने पाय मारायचे आणि त्या लोटासरशी पोट काठावर टाकायचं, असं पुन्हापुन्हा करून घेतात.

पालकांना सगळ्यात धडकी भरवणारा भाग म्हणजे पडदा. पाण्यात उभं कापड सोडलेलं असतं आणि त्याला एक भोक असतं. काठावरून उडी मारून, पाण्याखालूनच पोहत, त्या भोकातून पार व्हायचं. ‘ए’ला पडदा काठापासून 3 मीटरवर, ‘बी’ला 6, ‘सी’ला 9 मीटरवर. डोळे उघडे ठेवल्याशिवाय भोक सापडत नाही, आणि वैद्यकीय कारण नसेल तर परीक्षेत पोहण्याचा चष्मा चालत नाही. मुलं इथे अडतात ती मुख्यतः दोन कारणांनी: डोळे मिटून घेतात, किंवा छाती फुगवून हवा भरतात आणि बुचासारखी वर येतात. साधा श्वास घेऊन, हनुवटी छातीकडे ठेवून उडी मारली तर खोली टिकते. घरच्या टबमध्ये चष्म्याशिवाय डोळे उघडून तळाचं खेळणं उचलण्याचा सराव केला, तर अर्धी भीती तिथेच जाते.

आपल्याकडच्या उन्हाळी बॅचमध्ये बहुधा फ्रीस्टाइलपासून सुरुवात होते. इथे पहिला मान पोटावरच्या बेडूकपोहण्याला, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकला, आणि त्याच पायांनी पाठीवर पोहण्याला. डोकं वर राहतं, काठ दिसतो, श्वास मोकळा राहतो, कपड्यांतही जमतं आणि दम कमी लागतो. बऱ्याचदा पाठीवरचं आधी घेतात, कारण तोंड पाण्याबाहेर असताना मूल फक्त पायांकडे लक्ष देऊ शकतं.

हे पाय मात्र वेळखाऊ असतात. शिक्षक तालावर म्हणवून घेतात: जवळ, फाक, मीट. टाचा कुल्ल्यांकडे ओढायच्या, पावलं बाहेर वळवून पाय फाकवायचे, मग दोन्ही पाय जोरात मिटून क्षणभर स्वस्थ घसरत जायचं. हमखास चुकतं ते पाऊल. एक पाऊल बाहेर वळतं, दुसरं आतच राहतं, मग एक पाय ढकलतो आणि दुसरा कात्रीसारखा चिरत जातो. अशी सवय लागली की मूल तिरकं जातं आणि पुढे ती मोडायला महिने जातात, म्हणून शिक्षक काठावर पालथं झोपवून हाताने पावलं वळवून देतात. दुसरी चूक म्हणजे शेवटची स्वस्थ घसरण गाळणं. मूल भरभर पाय मारतं, पुढे सरकत नाही आणि दहा मीटरमध्ये थकतं. पाठीवर पोहताना गुडघे पाण्याबाहेर येत असतील तर समजायचं की मूल पाण्यात बसलंय. छताकडे पाहा, पोट वर ठेव, एवढं सांगितलं की बहुतेकदा सुधारतं. किडकिडीत मुलांचे पाय लवकर खाली जातात, त्यांना जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

वय आणि वेळेबद्दल घाई करू नये. बहुतेक मुलं साडेचार-पाचच्या सुमारास सुरू करतात. त्याआधी दोन्ही पायांची ही सममित हालचाल मुलांना नीट जुळवता येत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला घातलं तर शिकवणी लांबते, डिप्लोमा काही लवकर हातात येत नाही. आठवड्याला एक तास धरला तर ‘ए’पर्यंत साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. सुट्टीतले झटपट वर्ग असतात, पण त्यांत शिकलेलं सरावाशिवाय तितक्याच झटपट विसरतं.

शाळेतून पोहणं शिकवण्याला 1985 पर्यंत केंद्र सरकारचं पाठबळ होतं. आता ते नगरपालिकेवर आहे. ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत ते चालू आहे, अनेक गावांत बंद झालंय, त्यामुळे खर्च आणि धावपळ पालकांची. कमी उत्पन्नाच्या घरांना मदत मिळते, त्यासाठी नगरपालिकेकडे किंवा शाळेत विचारावं. तलावांच्या प्रतीक्षायादी लांबलचक असतात. चौथा वाढदिवस झाला की लगेच, आणि जमलं तर दोन तलावांत नाव नोंदवावं.

पुण्या-मुंबईहून नऊ-दहा वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्या घरांना पहिल्या दिवशी धक्का बसतो. मूल फ्रीस्टाइलने 25 मीटर सहज जातं आणि तरी शिक्षक त्याला खालच्या गटात टाकतात. यात अपमान नाही. खोल पाण्यात अर्धा मिनिट उभं राहायला सांगितलं की कारण दिसतं. तलावाच्या उथळ टोकाला शिकलेल्या मुलाला पाय टेकायची सवय असते. आपल्या गावाकडे पाठीला पांगाऱ्याचा ओंडका किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकलेली मंडळी याबाबतीत डच मुलांच्या जवळची, कारण विहिरीला उथळ टोक नसतं आणि चढायचंही आपलं आपणच. येण्याआधी दोन महिने हातात असतील तर गावातल्याच तलावात उभं पोहणं आणि बेडूकपोहणं शिकवून आणा. इथला निम्मा वेळ वाचेल.

‘ए’ मिळाला की केक कापून शिकवणी थांबवणारे पालक खूप आहेत. ही चूक मला फार गंभीर वाटते. ‘ए’ फक्त साध्या तलावापुरता आहे. ‘बी’ घसरगुंड्या आणि लाटांच्या तलावासाठी, आणि उघड्या पाण्यासाठी किमान ‘सी’ हवा, तोही प्रवाह आणि लाटा नसलेल्या पाण्यासाठी. घरासमोरचा कालवा उघड्या पाण्यातच मोडतो. लोकसंख्येच्या मानाने बुडून मरणाऱ्यांत परदेशी मूळ असलेल्यांचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यांत मोठी माणसंही असतात. मोठ्यांसाठी वेगळे वर्ग भरतात, बऱ्याच तलावांत फक्त बायकांसाठी वेळा असतात आणि डिप्लोमाला वयाची अट नाही. पूर्ण अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो का, हे मात्र त्या त्या तलावाला विचारून घ्यावं.

डिप्लोमा असला तरी दोन गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात. पहिली थंडी. मे महिन्यात ऊन चांगलं पडतं, पण तळी आणि कालवे अजून गारच असतात. अशा पाण्यात पडल्यावर श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो. त्या पहिल्या मिनिटात पोहायचा प्रयत्न न करता पाठीवर तरंगायचं, श्वास थाऱ्यावर आला की मग काठाकडे निघायचं. दुसरी गोष्ट समुद्र. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर वाळूच्या दांड्यांमधल्या खळग्यातून पाणी जोराने आत ओढतं, आणि नेमकं तिथेच लाटा कमी असल्याने ती जागा शांत दिसते. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. तरंगत राहून हात हलवून मदत मागावी, किंवा किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जावं आणि लाटा फुटताना दिसतात तिथून परत यावं. मुलांना जीवरक्षक असलेल्या भागातच उतरवावं आणि लाल झेंडा असेल त्या दिवशी वाळूतच खेळू द्यावं.