वडील रेल्वेत होते ना, मग म्युझियमचं एवढं काय वावडं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण दर सुट्टीत कुणीतरी विचारतंच. वडील रेल्वेत, तुलाही गाड्यांचं वेड, मग पोरांना रेल्वे म्युझियमला न्यायचं म्हटलं की तोंड का उतरतं?

इंजिनांवर माझा राग नाही हो. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमधल्या 'खेकडा' म्हणतात त्या जुन्या विजेच्या इंजिनापुढे मी अर्धा अर्धा तास उभी राहिलेय. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममधली १९०७ची पतियाळा मोनोरेल तर मला पाठ आहे.

बाबा घाट सेक्शनला कीमन होते, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारे. रिटायर झाल्यावर त्यांना एका म्युझियमला घेऊन गेले, कुठलं ते नाही सांगत. महाराजांचे डबे, इंजिनांची वजनं, कारखान्यांची नावं, सगळ्याला मोठमोठ्या पाट्या. आणि एका कोपऱ्यात काचेच्या पेटीत हातोडा, हातबत्ती नि रुळावर लावायच्या फटाक्यांची डबी, पाटीवर फक्त 'जुनी अवजारे'. बाबा तिथेच थांबले, काचेवर हात ठेवला तर गार्ड म्हणाला काका हात नका लावू. शेजारी एक मुलगा आईला विचारत होता हे काय आहे, ती पाटी वाचून गप्प. मग बाबाच बोलायला लागले. रूळ तुटलेला दिसला की गाडी येणार त्या बाजूला पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, तसंच पुढे १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून, इंजिनाचं चाक वर आलं की धडाड आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. पोरगा म्हणाला, तुम्ही पळालात कधी? बाबा म्हणाले, दोनदा.

चाळिशीला आलेली मी, हे पहिल्यांदा ऐकत होते.

मी चिडले खूप. बोरघाटाचंच घ्या, तिथल्या रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं, कंत्राटदार ट्रेडवेल आल्या आल्या मेला नि पुढचं त्याच्या बायकोने निभावलं, म्हणून तिचं नाव राहिलं, राहायलाच हवं. पण पटकी-तापाने हजारो मजूर मेले त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्ही ऐकलंय? ते कुठल्या गावचे, काय खायचे, १८५९ला पगारावरून का उठले, हे पोरांना कोण सांगणार?

पण खरं सांगू, शाळेत मीही 'वडील रेल्वेत' एवढंच म्हणायचे, पुढे कुणी विचारू नये म्हणून विषय बदलायचे. मग त्या पाटीने वेगळं काय केलं? तेव्हाची मी म्हणाली असती, हातोडा बघायला तिकीट काढून कोण येणार, इंजिनच ठेवा. तिला काय उत्तर द्यायचं मला अजून सुचत नाही, कारण तो मुलगाही पेटीपाशी थांबला तो बाबा बोलले म्हणून, आणि बाबा काही तिथे रोज उभे राहणार नाहीत.

यंदा पोरांनी परत हट्ट धरलाय. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना आता तेवढं चालवत नाही. फटाके किती मीटरवर लावायचे ते सांगेन मी, पण ते दोनदा कुठे पळाले, समोरून कुठली गाडी येत होती, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.