लाल-हिरव्याच्या तालावर

आज ऑनलाइन सराव परीक्षा दिली. उत्तर दाबलं की लगेच हिरवं किंवा लाल. सुरुवातीला हिरवं दिसलं की अंगात बळ यायचं. मग सलग लाल आले आणि डोळे पुढच्या प्रश्नावर, डोकं मात्र मागच्यातच. येत असलेली गणितंही पुन्हा पुन्हा तपासत बसलो, वेळ गेला तो वेगळाच.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या (म्हणजे काम कसं झालं हे सांगण्यावरच्या, फीडबॅकवरच्या) अभ्यासांमधले ६०० हून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले होते. सरासरी फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी चक्क घसरली होती! त्यांचं म्हणणं, लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की गडबड होते. अगदी हेच झालं की राव.

त्यात उत्तरांनुसार काठिण्य बदलणारी परीक्षा असेल तर हुशार माणसाचीही साधारण निम्मी उत्तरं चुकतात, कारण तिची रचनाच तशी असते. तिथे प्रत्येक चुकीला लाल दिवा दाखवणं म्हणजे छळच. शिकताना लगेच कळलेलं बरं, पण मोजमाप चालू असताना नको. पेपर संपल्यावर कारणांसकट सगळं दाखवा की!

सेटिंगमध्ये हे लगेचचं लाल-हिरवं बंद करता येतं का, कोणी शोधलंय?