कलमावर पाने किती ठेवावीत? : आमची वाटचाल

आमची रोपवाटिका सुरुवातीला बोन्सायची तयार झाडे आणून विकत असे. वरून देखण्या दिसणाऱ्या झाडाची मुळे कुंडी बदलताना एकाच बाजूला वळलेली किंवा एकमेकांत पिळलेली निघतात, हे वारंवार दिसू लागल्यावर आम्ही स्वतःच छाट कलमे (कापून मातीत लावलेल्या काड्या) व गुटी कलमे (झाडावरच असलेल्या फांदीची साल काढून, तिथे ओले शेवाळ बांधून मुळे फोडलेली) करून मूळ रोपे तयार करण्याचे ठरवले. तेव्हापासून आमचे बहुतेक कष्ट एकाच प्रश्नावर खर्ची पडत आले आहेत, तो म्हणजे नव्या कलमावर पाने किती ठेवायची.

जितकी मुळे कमी, तितकीच पानेही कमी करावीत, असा या कामातला पूर्वापार नियम आहे. पाने बाष्पोच्छ्वासाने पाणी बाहेर टाकतात आणि बिनमुळाची काडी ते भरून काढू शकत नाही, एवढ्यापुरता तो खरा आहे. परंतु नवी मुळे फुटण्यासाठी लागणारी साखर पानांतच तयार होते, आणि मुळांना चालना देणारे ऑक्सिन हे संप्रेरक वाढत्या शेंड्यांतून व कोवळ्या पानांतून खाली उतरते. त्यामुळे पाने ओरबाडून काढलेली काडी सुकत नसली, तरी पुष्कळदा मुळेही धरत नाही. म्हणून पाने कमी करण्याऐवजी त्यांच्यातून जाणारे पाणी कमी करण्याकडे आम्ही वळलो. शेडनेट, वाऱ्याला आडोसा आणि धुके फवारणारी बंदिस्त खोली यांवर झालेला खर्च आमच्यासारख्या लहान व्यवसायाला जड होता, पण तो टाळण्यासारखा नव्हता. आता फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतील झाडाच्या, काडीचा चीक धुऊन आम्ही शेंड्याकडची दोन-तीन पाने ठेवतो, पान मोठे असल्यास ते निम्मे कापतो, आणि काडी निबर असेल तर तिच्या बुडाला इंडोल ब्युटिरिक आम्लाची, म्हणजे मुळे फुटण्यास मदत करणाऱ्या ऑक्सिनची, पावडर लावतो.

अर्थात सर्व झाडांना एकच माप लावता येत नाही. जेड आपल्या जाड पानांत पाणी साठवते, म्हणून तिची पाने काढण्याचे कारण नसते. उलट काप सुकू देऊन मगच ती लावावी लागते. बोगनवेलीची जाड काडी मात्र फसवते. तिच्यात साठलेल्या अन्नावर डोळे फुटतात, हिरवीगार पाने येतात, आणि मातीखाली एकही मूळ नसते. काही दिवसांनी तीच पाने दुपारी मलूल होतात आणि संध्याकाळीही सावरत नाहीत. फुटवा दिसला म्हणून कलम लागले असे समजणाऱ्या ग्राहकाला हे पटवून देणे, हा आमच्या कामाचा कायमचा भाग झाला आहे.

गुटी कलमाचे गणित वेगळे आहे. फांदीच्या जाडीच्या दीड ते दोन पट रुंदीची साल गोलाकार काढली, की पानांत तयार झालेली साखर त्या कापाच्या वर अडते, तर लाकडातून वर जाणारे पाणी चालूच राहते. म्हणून मूळ झाडावर असेपर्यंत गुटीवरील पानांना हात लावण्याची गरज नसते. ओल्या शेवाळावर पारदर्शक प्लास्टिक बांधल्याने आतली मुळे दिसतात. पहिली मुळे पांढरी, जाड आणि ठिसूळ असतात, आणि ती दिसताच फांदी कापण्याची घाई होते. त्यांना उपमुळे फुटून ती तपकिरी होऊ लागेपर्यंत आम्ही थांबतो. फांदी वेगळी केल्यावर मात्र मूठभर मुळांवर अख्ख्या फांदीचा भार येतो, तेव्हा लगेच सुकणारे कोवळे शेंडे खुडून आम्ही पक्की पाने राखतो, आणि वाऱ्याने हलून मुळे तुटू नयेत म्हणून खोड कुंडीला तारेने बांधतो.

जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या बाबतीत आमची कात्री सर्वांत कमी चालते, कारण त्याच्या अन्नसाठ्याचा मोठा भाग पानांतच असतो आणि पूर्ण उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर सहसा पुन्हा फुटवा येत नाही. पाइनची जुनी माती एकदम झाडून टाकण्याऐवजी आम्ही एका वेळी निम्मीच बदलतो, आणि उरलेली पुढच्या पुनर्रोपणाच्या वेळी. अशा झाडांनी रोपवाटिकेतली जागा दीर्घकाळ अडते आणि भांडवलही अडकून पडते, तरीही मुळांना हात लावलेले झाड त्याच हंगामात विकायचे नाही, हा नियम आम्ही सध्या सर्वच जातींना लागू केला आहे.